एडिंबर्गच्या फ्रिंजमध्ये, अगदी समोर बसून

मंगळवार

ऑगस्टात फ्रिंज हा नाट्य-कला महोत्सव भरतो तेव्हा एडिंबर्गमध्ये खोल्यांची भाडी इतकी चढतात की नाटकांपेक्षा झोपण्यावरच जास्त खर्च व्हायचा. म्हणून मुक्काम ग्लासगोला, भाचीच्या खोलीवर. तिथल्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून एडिंबर्गच्या वेव्हर्लीला पोहोचायला गाडीने साधारण पन्नास मिनिटं लागतात. रात्री परतीची शेवटची गाडी पकडायची म्हणजे मध्यरात्रीचे विनोदी कार्यक्रम आपोआप गळले. मला तसेही ते बघायचे नव्हते. मला हवी होती छोटी नाटकं. एक-दोन नटांची, चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या खोलीत होणारी, पदरमोड करून उभी केलेली.

ती निवडायची कशी, हा मोठाच प्रश्न. तीन आठवड्यांच्या आसपास चालणाऱ्या या महोत्सवात तीन हजारांहून जास्त कार्यक्रम असतात आणि निवड समिती नसते. जागा मिळवा, नोंदणीचं शुल्क भरा, प्रयोग लावा. भाचीने ॲपवर सकाळी दहापासून रात्रीपर्यंतचं वेळापत्रक तयार ठेवलं होतं. "मावशी, सगळं बसतंय बघ, प्रत्येक दोन नाटकांच्या मध्ये वीस मिनिटं आहेत." बसत होतं खरं. पण नाटक संपल्यावर थोडा वेळ ते डोक्यात घोळू द्यायचं नसेल, तर बघायचं तरी कशाला? मी अर्ध्या यादीवर काट मारली. ती थोडी हिरमुसली.

वेव्हर्लीतून चढ चढून रॉयल माइलवर आलो. दुपारी तिथे वाट काढणंही कठीण. नट स्वतःच पत्रकं वाटत उभे असतात, काही भूमिकेच्या कपड्यांत, काही रेनकोट घालून. पत्रकांवर कुठल्याशा समीक्षेतले चार-पाच तारे छापलेली चिठ्ठी स्टेपल केलेली. ताऱ्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येकाला एकच विचारत गेले, "तुमच्या नाटकात सुरुवातीला काय घडतं?" बरेच जण सांगायचे, आमचं नाटक दुःखाबद्दल आहे, ओळखीबद्दल आहे, स्मृतीबद्दल आहे. एक मुलगी म्हणाली, "दोन बहिणी आईचं घर रिकामं करायला येतात, आणि धाकटीकडे घराची किल्लीच नसते." तिथल्या तिथे तिकिटं काढली. छोट्या प्रयोगांची तिकिटं दहा ते पंधरा पौंडांच्या आसपास असतात.

थिएटर म्हणजे एका हॉटेलचा बैठकांचा हॉल. काळे पडदे, चार दिवे, पायाखाली गालिचा, एसीची घरघर. रंगमंचावर फक्त पुठ्ठ्याची खोकी. थोरली खोक्यांना चिकटपट्टी लावून ती बंद करते आणि धाकटी तीच पट्टी फाडून पुन्हा आत बघते. चर्र, चर्र. थोरली बोलणं थांबवते तेव्हा पट्टीचा आवाज उरतो, आणि त्या आवाजातच दोघींचं सगळं जुनं भांडण ऐकू येतं. इतकं नेमकं सुचलेलं असताना शेवटची दहा मिनिटं मात्र घाईत उरकली. थोरली जे सांगायला तासभर टाळत होती ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मूळ दीर्घांक मोठा असणार आणि तो कापून पंचावन्न मिनिटांत बसवला असणार, हे जाणवत राहतं.

कारणही तिथेच कळलं. एका खोलीत दिवसभरात आठ-दहा वेगवेगळी नाटकं एकामागून एक लागतात. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत आधीच्यांनी आवरायचं, पुढच्यांनी लावायचं आणि प्रेक्षकही आत घ्यायचे. एकांकिका स्पर्धांत नेपथ्य लावताना घड्याळाशी झुंजलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पण तिथे ती झुंज एका प्रयोगापुरती असते, इथे रोज, तीन आठवडे. बाहेर आलो तर दोघी बहिणी जिन्यात बसून खोकी सपाट करून चाकांच्या बॅगेत भरत होत्या.

बुधवार

आजचा दिवस समरहॉलचा. विल्यम डिक यांनी १८२३मध्ये सुरू केलेली पशुवैद्यकीय शाळा पुढे या इमारतीत आली. २०११मध्ये ती शहराबाहेर हलली आणि इथे नाटकं, प्रदर्शनं सुरू झाली. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, तळघरं, सगळीकडे प्रयोग चालतात. दारांवर जुन्या विभागांच्या खुणा दिसतात.

आम्ही गेलो ते शरीररचनेच्या व्याख्यानगृहात. लाकडी बाकांच्या अर्धवर्तुळाकार रांगा एकावर एक, इतक्या चढत्या की वरून खाली विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. खाली मधोमध मोकळी जागा. कधीकाळी तिथे घोड्याचं, गाईचं शरीर उघडून दाखवत असतील आणि विद्यार्थी याच बाकांवरून वाकून बघत असतील. प्रेक्षक मोजकेच, पांगून बसलेले.

खाली एक साधा टेबल. चाळिशीतला नट आला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. लाकडाच्या त्या खोलीत तेवढा टक् आवाजही वरच्या रांगेपर्यंत आला. त्याने आपल्या भावाला एक किडनी दिलेली आहे. त्याआधी दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शस्त्रक्रियेनंतरही बोलत नाहीत. एवढीच गोष्ट. ती सांगताना तो रडत नाही, ओरडत नाही. एखाद्या कार्यालयात अर्ज कसा भरला हे सांगावं तशी सांगतो. तपासण्या, फॉर्म, "स्वेच्छेने देत आहात का" हे वेगवेगळ्या माणसांनी पुन्हापुन्हा विचारणं, भाऊ पलीकडच्या वॉर्डात असूनही कुणी कुणाला न भेटणं. एका ठिकाणी तो म्हणतो की एक किडनी काढली की उरलेली हळूहळू थोडी वाढते, दोघींचं काम एकटी करायला शिकते. पुढे काहीच जोडत नाही. मला वाटलं, आता उपमा येणार, आता भाऊ आणि किडनी यांची सांगड घातली जाणार. नाही घातली. माझ्या मनात मात्र ती घातली गेली होती, आणि तेच त्याला हवं होतं.

मग तो मान वर करून विचारतो, "तुम्ही दिली असती?"

आणि थांबतो. एकेका प्रेक्षकाकडे बघतो. आम्ही इतके थोडे की त्याची नजर प्रत्येकावर ठरत होती. माझ्याकडे आली तेव्हा मला माझा कुणीतरी आठवला, ज्याच्याशी मी बरीच वर्षं बोललेले नाही, आणि उत्तर काही सापडेना. उत्तर द्यायची सक्ती नव्हती. हात वर करा, बोला, उभे राहा, असलं काहीही नाही. प्रश्न समोर ठेवून त्याने गप्प राहण्याचा हक्कही आमच्याकडेच ठेवला. त्या खोलीत वाकून त्याचं शरीर बघायला आम्ही बसलो होतो, आणि तपासणी झाली आमची.

मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात सुरक्षित असतो. सातशे माणसांत कुणाची नजर कुणावर ठरत नाही. छोट्या खोलीत लपता येत नाही, आणि हेच तिचं मोल आहे असं मला मनापासून वाटतं. नट हाताच्या अंतरावर असला की त्याचा श्वास वाढलेला कळतो, त्याला आपला चेहरा दिसतो, आपण घड्याळ बघितलं तरी त्याला समजतं. सत्तरच्या दशकात छबिलदासच्या शाळेतल्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं बघितलेली माणसं आजही त्या जवळिकीबद्दल बोलतात. ही जवळीक नाटककाराच्या हातातलं फार मोठं साधन आहे. ते कशासाठी वापरायचं, यावर सगळं अवलंबून.

बाहेर आल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मी नसती दिली." मी काही बोलले नाही.

गाडीत तिला फ्रिंजची जन्मकथा सांगितली. १९४७मध्ये एडिंबर्गचा आंतरराष्ट्रीय महोत्सव पहिल्यांदा भरला. तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था, सहा स्कॉटिश आणि दोन इंग्लिश, आपणहून आल्या आणि मिळेल तिथे प्रयोग केले. त्यातला एक तर फोर्थ खाडीपलीकडच्या डनफर्मलाइनच्या ॲबीत, म्हणजे जुन्या मठात, झाला. या सगळ्याचं काम बघायला फ्रिंज सोसायटी स्थापन झाली १९५८मध्ये, पण काय दाखवायचं हे ठरवण्याचा अधिकार तिने आपल्याकडे घेतला नाही. चाळणीच नसल्यामुळे सुमार नाटकांचा ढीग असतो, हे मान्य. पण किडनीचं हे नाटक एखाद्या समितीसमोर दोन पानांच्या गोषवाऱ्यात गेलं असतं, तर त्यात "घडत" काही नाही म्हणून बाजूला पडलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

गुरुवार

आजच्या पहिल्या प्रयोगाने संताप आला. जागेचं किंवा संस्थेचं नाव घेत नाही. तळघरातली दगडी खोली, विषय नात्यातल्या हिंसेचा. हेतू चांगलाच असणार. मध्यावर नट प्रेक्षकांत आला आणि एका बाईंना हात धरून उठवलं. त्या पन्नाशीच्या असतील. त्यांनी मान हलवून नकार दिला. त्याने हसत पुन्हा ओढलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. त्या उठल्या, त्याच्याबरोबर नाचल्या, आणि पूर्ण वेळ त्यांची मूठ कोटाच्या बाहीत घट्ट आवळलेली होती. मी दुसऱ्या रांगेतून ती मूठच बघत बसले. बळजबरीवरच्या नाटकात बळजबरी करायची आणि तिला सहभाग म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. प्रेक्षक शॉक लागल्यासारखे हलतात म्हणून ते नाटक प्रभावी ठरत नाही. काल त्या नटाने आमच्याकडून कितीतरी जास्त मागितलं होतं, आणि कुणाला हातही लावला नव्हता.

पावसातून निघालो ते एका पबच्या मागच्या खोलीत. फ्री फ्रिंजचा प्रयोग. पीटर बकली हिल यांनी १९९६मध्ये ही पद्धत सुरू केली. नटाने जागेचं भाडं द्यायचं नाही, प्रेक्षकाने तिकीट काढायचं नाही, शेवटी बादलीत मनाला येईल ते टाकायचं. भाड्यापायी कर्जात जाणाऱ्या कलावंतांसाठी ही मोठीच सोय आहे.

इथे एक वयस्कर गृहस्थ बसचालकाची निवृत्तीआधीची शेवटची पाळी करत होते. हातात स्टीलचं ताट, तेच स्टिअरिंग. प्रवासी कुणीच नाहीत. फक्त ते डोळे उचलून डाव्या कोपऱ्यात वर, आरशात बघतात. चेहरा न हलवता, नुसत्या डोळ्यांवरून कळतं की आता चढली ती शाळेतली मुलं, आता तो दारुडा, आता ती बाई जिची ते रोज वाट बघतात. शेजारच्या बारमध्ये ग्लास धुण्याचं यंत्र घरघरायला लागलं, तर त्यांनी सहज गिअर बदलला आणि ती घरघर बसची झाली. शेवटी बादली घेऊन स्वतःच दारात उभे राहिले. मी दहा पौंड टाकले आणि आरशाबद्दल सांगितलं. त्यांनी ताट काखेत धरून हात मिळवला.

शुक्रवार

सकाळी दहा वाजता ट्रॅव्हर्स. १९६३मध्ये लॉनमार्केटमधल्या एका जुन्या इमारतीत सुरू झालेलं आणि १९९२पासून केंब्रिज स्ट्रीटवर असलेलं हे थिएटर नव्या संहितांसाठी ओळखलं जातं. फ्रिंजच्या दिवसांत इथे एकाच नाटकाची वेळ रोज बदलते, त्यामुळे कधीतरी कॉफी पोटात जायच्या आधी शोकांतिका बघावी लागते. नाटक नीटनेटकं होतं. अभिनय कसलेला, प्रकाशयोजना देखणी. दुपारपर्यंत माझ्या डोक्यातून निघूनही गेलं.

संध्याकाळचा प्रयोग एका चर्चच्या सभागृहात, शहराच्या जरा बाजूला. पाच प्रेक्षक. पाचही जण वेगवेगळ्या कोपऱ्यांत, जणू एकमेकांची क्षमा मागत बसलेले. नटी आली, दिवे तसेच ठेवले आणि म्हणाली, "पुढे येऊन बसाल का? मला बरं वाटेल." सगळे पहिल्या रांगेत आलो. समुद्रात लांब अंतर पोहणाऱ्या एका बाईची गोष्ट. रंगमंचावर एक स्टूल आणि पाण्याने भरलेली बादली. दर थोड्या वेळाने ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालते, आणि प्रत्येक वेळी तो बाहेर यायला जास्त वेळ लागतो. हात लाल पडत गेलेला आम्हाला दिसत होता. पाणी खरंच थंड असणार.

मध्ये ती वाक्य विसरली. अभिनयातला विराम आणि अडकलेला नट यांतला फरक पहिल्या रांगेत लगेच कळतो. तिने डोळे मिटले, उघडले. मागच्या टेबलावरून तंत्रज्ञाने हळूच वाक्य दिलं. तिने "धन्यवाद" म्हटलं, वाक्य घेतलं आणि पुढे गेली. त्यानंतरचा प्रयोग आधीपेक्षा मोकळा झाला. सावरून घ्यायचं काही उरलं नव्हतं म्हणूनही असेल.

शेवटी मात्र पाच-सात मिनिटांचं भाषण होतं, समुद्राने मला काय शिकवलं अशा थाटाचं. ते नको होतं. बाहेर ती दारात उभी राहून प्रत्येकाचा निरोप घेत होती. अशा वेळी "छान झालं" म्हणून निघून जाणं सोपं असतं. पण पाचच माणसं असताना त्यातल्या एकानेही खरं सांगितलं नाही, तर त्या संध्याकाळी तिच्या हाती काय लागणार? मी सांगितलं, "शेवटच्या वेळी हात पाण्यातच राहतो ना, तिथे माझ्यासाठी नाटक संपलं. पुढचं सगळं त्या हाताने आधीच सांगून टाकलं होतं." तिने पत्रक उलटं करून मागे काहीतरी लिहून घेतलं. तंत्रज्ञ केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाला की तो दिवसभर याच खोलीत एकामागून एक सात नाटकांचे दिवे आणि आवाज सांभाळतो, आणि बादलीतलं पाणी त्याला रोज पुढच्या नाटकाआधी पुसावं लागतं. भाचीने त्याच्याबरोबर खुर्च्या लावल्या. गाडी थोडक्यात मिळाली.

शनिवार

पुन्हा समरहॉल, पण आवारातल्या राउंडअबाउटमध्ये. पेन्स प्लाउ या संस्थेचं हे फिरतं गोल नाट्यगृह, सुटे भाग ट्रकमधून नेऊन जोडता येणारं. नाट्यगृह नसलेल्या गावांत नवी नाटकं न्यावीत यासाठी ते बनवलं. तमाशाच्या फडांनी कनाती आणि फळ्या लादून गावोगाव केलेला प्रवास आठवला. आपल्या प्रायोगिक नाटकांना असं काही मिळालं तर तालुक्याच्या ठिकाणी किती करता येईल, हा विचार दिवसभर पाठ सोडत नव्हता.

गोलात बसलं की समोर फक्त नट नसतात, पलीकडचे प्रेक्षकही असतात. वडील मुलीला गाडी शिकवताहेत असा प्रवेश होता. गाडी नाही, खुर्चीही नाही, दोघं नुसते शेजारी उभे. लोक खदखदून हसत होते. माझ्या समोरचा एक तरुण मध्येच हसायचा थांबला. बाकी कुणाला अजून काही कळलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाने वडिलांनी तोच रस्ता दुसऱ्यांदा विचारला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांना विसर पडायला लागलाय. त्या तरुणाला आधी कळलं होतं. त्याच्या घरात कुणीतरी असणार. त्यानंतर मी निम्मं नाटक त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. ते बरोबर की नाही हे भाचीने गाडीत विचारलं. मला वाटतं, गोलात बसवलं की नाटककाराला तेच अपेक्षित असतं.

रविवार

परतीच्या आधी नवं काही बघायचं नव्हतं. किडनीचं नाटक पुन्हा बघायचं होतं. भाची म्हणाली, "तेच परत?" पण आली.

या वेळी बाकं बऱ्यापैकी भरलेली. घड्याळ टेबलावर ठेवलं तो आवाज वर आला नाही, कुणीतरी कोट काढत होतं. बाकी सगळं तेच, आणि तरी वेगळं. फॉर्म भरण्याच्या भागाला लोक चक्क हसले, आणि ते हसणं योग्य होतं. एवढ्या वेळा "स्वेच्छेने ना?" विचारण्यात विनोद आहे, तो बुधवारी आम्हा मोजक्या माणसांना दिसला नव्हता. पण "तुम्ही दिली असती?" आल्यावर तो थांबला नाही. प्रश्न टाकून तसाच पुढच्या वाक्यावर गेला. मी मान वर करून तयार बसले होते, आणि नजर आलीच नाही.

बाहेर तो एकटाच होता, सॅक पाठीला. बुधवारी मी आले होते हे त्याला आठवत होतं, "वरून तिसऱ्या रांगेत, उजवीकडे," म्हणाला. मी विराम का काढला ते विचारलं. तो म्हणाला, भरल्या खोलीत तो विराम टिकत नाही. लोक खोकतात, एकमेकांकडे बघतात, कुणीतरी उत्तर ओरडतं. शुक्रवारी एकजण "नाही!" ओरडला आणि सगळे हसले, तेव्हापासून त्याने तो काढला.

मी म्हटलं, सगळ्यांकडे बघू नका, एका रांगेकडेच बघा, पण थांबा. तो विराम काढला की ही तुमच्या भावाची गोष्ट होते. विराम असतो तेव्हा ती आमची असते. त्याला ते लगेच पटलं नाही. ओरडणाऱ्याचं काय करायचं, त्याने विचारलं. भाची मध्येच म्हणाली, "ओरडू दे की. ते पण उत्तरच आहे." यावर दोघांचा बराच वेळ वाद झाला, जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत. तिचं म्हणणं, हसू आलं तरी त्याने त्या माणसाकडेच बघत राहावं. त्याचं म्हणणं, मग तो माणूस उघडा पडतो, आणि ते त्याला करायचं नाही. गुरुवारची ती आवळलेली मूठ माझ्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे इथे मी त्याच्या बाजूने झाले. शेवटी पुढच्या प्रयोगात विराम ठेवून बघतो, पण फक्त खालच्या दोन रांगांसाठी, असं त्याने कबूल केलं. भाची तो प्रयोग बघायला ग्लासगोहून पुन्हा येणार आहे. तिकीट तिने तिथेच काढलं, खालच्या रांगेतलं.